फोटो नीट आलाय

आमची ही येत्या महिन्यात एक्स-रेच्या खोलीतून कायमची बाहेर पडते आहे. खरं म्हणजे ती मागेच निवृत्त झाली होती, पण हॉस्पिटलने तिला सोडलं नाही आणि तिनेही फारसा हट्ट धरला नाही. आता मात्र नक्की. म्हणून मोठ्या सिस्टरनी मला फोन करून सांगितलं की निरोपाच्या दिवशी आम्ही एक छोटी पुस्तिका काढतो आहोत, तुम्ही घरच्या बाजूने चार शब्द लिहून द्या. मी 'बरं' म्हणालो. फोनवर 'नाही' म्हणायला मला थोडा वेळ लागतो, तोवर समोरच्या माणसाने फोन ठेवलेला असतो.

मी पाणीखात्यात नकाशे काढत होतो. माझं आजवरचं लेखन म्हणजे 'येथे व्हॉल्व्ह आहे' आणि 'हा पाइप बंद'. त्यामुळे लिहायला बसलो आणि बराच वेळ पेन्सिलीला टोकच करत राहिलो. मग लक्षात आलं की अडचण भाषेची नाही, माहितीची आहे. जिच्याबरोबर जन्म काढला तिच्या नोकरीबद्दल मला जवळजवळ काहीच माहीत नाही. हा तिच्या नोकरीचा मोठेपणा की माझ्या संसाराचा कमीपणा, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. मला जे थोडंफार ठाऊक आहे ते एका प्रसंगामुळे, आणि त्या प्रसंगात माझं काम गोंधळ घालण्याचं होतं. ते मी चोख केलं.

आधी तिची खोली सांगतो. तळमजल्यावर, जिन्याच्या मागे. दारावर लाल दिवा. तो लागला की आत जायचं नाही. मी एकदा गेलो होतो आणि तिचं जे बोलणं ऐकलं ते पुस्तिकेत शोभणार नाही. आत फोटोची उभी चौकट, एक टेबल, खुंटीला शिशाचा जड एप्रन, आणि कोपऱ्यात काच लावलेला आडोसा. त्या आडोशामागे ही उभी राहते. माणसाला चौकटीला छाती लावून उभं करायचं, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. मग आडोशामागून हुकूम येतो. श्वास घ्या. आणखी. धरून ठेवा. सोडा. घरी भांडणात माझा आवाज चढला की ती अजूनही शांतपणे 'सोडा' म्हणते आणि मी सोडतो.

या कामातली खरी पंचाईत अशी की फोटो सगळ्यात आधी हिला दिसतो. डॉक्टरच्याही आधी, ज्याचा आहे त्याच्या तर कितीतरी आधी. आणि काय दिसलं ते सांगायचा तिला अधिकार नसतो, कारण सावलीचा अर्थ लावणं डॉक्टरचं काम. माणूस शर्टाची बटणं लावत असतो आणि बटणांकडे न बघता हिच्या चेहऱ्याकडे बघत असतो. म्हणून तिने एक वाक्य तयार करून ठेवलं आहे. "फोटो नीट आलाय. बाकी डॉक्टर सांगतील." सगळ्यांना तेच, त्याच आवाजात. याचा अर्थ फोटो हलला नाही, पुन्हा काढावा लागणार नाही, इतकाच. सुरुवातीला ती 'छान आलाय' म्हणायची. एक बाई ते ऐकून डॉक्टरला न भेटताच आनंदाने घरी निघून गेली, तिला फाटकातून परत आणावं लागलं. तेव्हापासून 'छान' बंद झालं. ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली आणि कोण, कुठली, पुढे काय झालं, यातलं अक्षर सांगितलं नाही. बाई होती की बुवा हेही तिने सांगितलेलं नाही. 'बाई' मी माझ्या मनाने लिहिलं.

रस्त्यात ती कुणाला आपणहून ओळख देत नाही. समोरच्याने ओळख दाखवली तर हसते, नाहीतर शेजाऱ्याच्याही बाजूने सरळ निघून जाते. माणसाला आपण तिच्या खोलीत जाऊन आलो हे चारचौघांत नको असेल तर, असा त्यामागचा विचार. आमच्या गल्लीत त्यामुळे तिला शिष्ट म्हणतात. ती भरपाई मी करत आलो. दिसेल त्याच्याकडे बघून मान हलवायची, आमच्या दोघांच्या वाटची. अनोळखी माणसंही घाबरून मला मान हलवतात.

माझं मनगट मोडलं तेव्हाही तिने मला सोडलं नाही. हात उघड उघड भलत्या दिशेला वळला होता, वॉर्डबॉयलासुद्धा दिसत होता. हिने फोटो काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नीट आलाय. बाकी डॉक्टर सांगतील." मी म्हटलं, अगं, मी तुझा नवरा आहे. ती म्हणाली, "हो, ते दिसतंय."

इतका अनुभव गाठीशी असलेला माणूस पुढे तशी चूक करणार नाही असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिचा आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नसे. नोकरी त्या आवाजावर झाली आणि निवृत्तीनंतर आमचं सगळं नातेवाईकमंडळ त्याच आवाजावर चालतं. कुणी कुणाशी बोलायचं, कुणी कुणाची माफी मागायची, सगळं ती फोनवरून लावून देते. शिवाय तिच्याबरोबर नोकरीला असलेली एक मैत्रीण आहे, तिची नजर गेली आहे. अक्का रोज सकाळी तिला फोनवरून पेपर वाचून दाखवते, मधूनमधून मंत्र्यांना स्वतःचे टोमणे जोडून. मैत्रिणीला बातमी कुठली आणि टोमणा कुठला ते कळत नाही, आणि तिची तक्रारही नाही.

या अक्काला जिना चढताना गळ्याशी आवळल्यासारखं व्हायला लागलं. डॉक्टरने छातीचा फोटो सांगितला. भाचा, म्हणजे तिचा मुलगा, कामावर होता, म्हणून मी तिला घेऊन गेलो. हिने आपल्या नणंदेला गळ्यातलं, केसांतल्या पिना सगळं काढायला लावलं, आत नेलं. लाल दिवा लागला. बाहेर बाकावर मी ऐकत होतो. श्वास घ्या. आणखी. धरून ठेवा. सोडा. मग दार उघडलं आणि हिने आम्हा दोघांना मिळून ते वाक्य सांगितलं, त्याच आवाजात.

पण मी नुसतं ऐकत नव्हतो, चेहरा वाचत होतो. माझा एक सिद्धांत होता की मनासारखं झालं की ही खालचा ओठ किंचित आवळते. तिने आवळला. मी मनातल्या मनात अक्काला पास करून टाकलं. ओठ का आवळला होता ते मला नंतर कळलं. माझ्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

फोटोचं पाकीट दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवायचं होतं. अक्काला तिच्या घरी सोडून मी ते आमच्याकडे घेऊन आलो. ही अजून ड्यूटीवर. मी फोटो काढून स्वयंपाकघराच्या खिडकीला धरला. माणसाचा श्वास ज्या नळीतून जातो ती नळी मला बरोबर सापडली, त्याचा मला फार अभिमान वाटला. नळी एका बाजूला वळलेली होती. आता मी सगळी नोकरी पाइपांचे नकाशे काढले आहेत आणि सरळ गेलेला पाइप एकही पाहिलेला नाही. कुठे झाड आडवं येतं, कुठे कुणाचं घर. वळण असायचंच, असं मी ठरवलं. मग मी, ज्याला फोन उचलायचीही भीती वाटते, तो अक्कापासून सुरुवात करून सगळ्या नातेवाइकांना फोन करत सुटलो. फोटो नीट आहे, सगळं नीट आहे, हिनेच सांगितलं.

संध्याकाळी ही आली तेव्हा मी हे सगळं तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने पाकीट नीट बंद केलं. डॉक्टरांना दाखवलं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, उद्या. "मग उद्या सांगायचं होतं," ती म्हणाली. मला वाटलं, दमली आहे.

दुसऱ्या दिवशी भाचा आमच्याकडून पाकीट घेऊन अक्काला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण, हुशार, आणि बाहेर माणसांची रांग. त्याने फोटो पाहिला, अक्काला रक्त द्यायला पाठवलं आणि तेवढ्यात भाच्याला व्हरांड्यात गाठून सांगितलं. गळ्यातली गाठ वाढून खाली छातीत उतरली आहे, श्वासनळी बाजूला ढकलते आहे. ऑपरेशन लागेल. आणि तिथेच आवाजाची नस असते, तिला धक्का लागला तर आवाज बसू शकतो, कदाचित कायमचा. एवढं लिहायला अक्काची परवानगी आहे. याच्या पुढचं वैद्यकीय तपशीलवार लिहू नकोस असं तिने बजावलं आहे.

भाचा तिथून अक्काला घरी सोडून सरळ आमच्याकडे आला. खुर्चीवर बसला आणि बराच वेळ किल्ल्या बोटांत फिरवत राहिला. त्याने सगळं ठरवूनच आणलं होतं. आईला सांगायचं की छोटीशी गाठ आहे, छोटंसं ऑपरेशन आहे. आवाजाचा विषय काढायचा नाही. ऑपरेशनच्या कागदावर तिची सही तोच घेईल, चष्मा घरी राहिला असं करून, म्हणजे तिला तो वाचता येणार नाही. मला हे सगळं फार समजूतदारपणाचं वाटलं, कारण त्याच्या वडिलांचं मला आठवत होतं. त्यांना डॉक्टरने सगळं स्पष्ट सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून त्यांनी पलंगावर भिंतीकडे तोंड केलं ते शेवटपर्यंत. भाचा तेव्हा नुकता नोकरीला लागला होता. तोच त्यांच्यापाशी बसायचा.

"मामी, तू फक्त एवढंच म्हण," तो म्हणाला, "मी फोटो पाहिलाय, घाबरण्यासारखं काही नाही. बास. तिचा तुझ्यावर विश्वास आहे."

"म्हणूनच नाही म्हणणार."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. आपण घरातले कर्ते आहोत असं मला वर्षातून एखाद्या वेळी वाटतं, ती वेळ नेमकी आली. मी हिला समजावू लागलो की वय झालंय, जिवाला घोर कशाला, कधीकधी न कळण्यातच सुख असतं. ही ऐकून घेत होती. मग म्हणाली, "उद्या तुमचा असा फोटो निघाला तर आधी कुणाला सांगायचं? तुम्हाला की मला?"

मी खरं तेच बोललो. म्हटलं, तुला. मला अजिबात सांगू नका, तुम्ही काय ते बघा.

भाचा म्हणाला, बघ, मामासुद्धा तेच म्हणतोय. मलाही वाटलं की वादात आपण जिंकलो, आणि असं कधी झालं नसल्यामुळे पुढे काय करतात ते मला कळेना. ही हसली.

"बरं. तुम्हाला नाही सांगणार. पण ते तुम्ही ठरवलंत ना? अक्कांनी कुठं काय ठरवलंय?"

भाचा चिडला. म्हणाला, म्हणजे तू आईला सांगणार. ती म्हणाली, सांगणं माझं काम नाही, आणि खोटं बोलणंही नाही. मग करणार काय, असं त्याने विचारलं. "विचारणार," ती म्हणाली. भाचा चहा न घेता गेला. आपल्याच माणसाशी असं वागतात का, एवढं मात्र दारातून म्हणाला, आणि ते हिला लागलं. त्या संध्याकाळी तिने एक जुनी बरणी, माझं मनगट मोडलं त्या काळातली, काही गरज नसताना घासायला काढली.

सकाळी अक्काचा फोन आला. मीच उचलला, दुर्दैवाने. तिने विचारलं, फोटोचं काय रे? मी म्हणालो, कसला फोटो? गावभर फोन करून फोटो नीट असल्याची बातमी देणारा माणूस मीच होतो. जन्मभर लोकांची बोलणी जोडून देणाऱ्या बाईला माणूस कधी काय टाळतोय ते कळतं. "मी येते," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

आली ती सरळ हिच्यासमोर बसली. मला पाणी आणायला पाठवलं. मी पाणी आणलं, पण उंबऱ्यातच थांबलो.

"तू पाहिलास ना गं फोटो?"

"पाहिला."

"मग?"

"काय दिसलं ते डॉक्टरांनी सांगायचं असतं, अक्का. मी एक विचारते. तुम्हाला किती कळायला हवंय? सगळं, की थोडं, की तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला कळलं तर चालेल? तिन्ही चालतं. पण तुम्ही सांगायचं."

अक्काने हे जणू आधीच ठरवून ठेवल्यासारखं लगेच उत्तर दिलं. "सगळं. आणि ह्याला उंबऱ्यात उभं करू नकोस, पाणी सांडतोय."

आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो. ही आधी एकटी डॉक्टरच्या खोलीत गेली. ते दार नीट लागत नाही, त्यात माझा दोष नाही. डॉक्टर म्हणत होता, नातेवाइकांशी बोलणं झालंय. ही म्हणाली, पेशंटशी नाही झालं. त्यावर तो म्हणाला की मुलानेच आधी विचारलं, बाहेर गर्दी होती, आणि खरं सांगायचं तर मुलांना सांगणं सोपं जातं. नात्यातल्या बाईंसाठी तुम्ही म्हणताय का, असंही त्याने विचारलं. "नात्यातल्या आहेत म्हणून मी दोन दिवस गप्प बसले," ही म्हणाली. "दुसऱ्या कुणी असत्या तर कालच आले असते." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि डॉक्टर स्वतः दारापर्यंत आला, अक्काला आत बोलवायला. आत कुणाला बरोबर घ्यायचंय का, असं त्याने विचारलं. अक्का म्हणाली, कुणी नको.

मला वाटलं होतं की ही तरी आत थांबेल. ती तर तिथलीच. पण ती बाहेर आली, आणि बाकावर न बसता जिन्यामागच्या आपल्या खोलीकडे गेली. लाल दिवा लागला. कुणाचं तरी श्वास धरून ठेवणं चालू होतं.

भाचा धावत आला. अक्कानेच त्याला फोन करून बोलावलं होतं. आम्ही दोघं बाकावर बसलो. तो बंद दाराकडे बघत होता, आणि दार नीट लागत नाही हे मी त्याला सांगितलं नाही. उलट मी मोठमोठ्याने हवेबद्दल बोलू लागलो, आतलं ऐकू येऊ नये म्हणून. भाचा म्हणाला, मामा, गप्प बस ना जरा. मी आवाज तेवढाच ठेवून विषय बदलला.

अक्का बाहेर आली ती चालण्यात काही फरक न पडता. मुलासमोर उभी राहिली. "माझ्या गळ्यातलं माझ्याआधी तुला कळलं होय रे?"

भाचा खाली मान घालून म्हणाला, "बाबांचं काय झालं, आठवतं ना."

"त्यांचं तोंड आधीपासूनच भिंतीकडे होतं," अक्का म्हणाली. मग त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्यांच्यापाशी तू एकटा बसलास, हे मी विसरले नाही. पण मी ते नाही."

तिने सांगितलं की ऑपरेशन करून घेणार. आधी दुसऱ्या एका सर्जनला दाखवणार, मग तारीख ठरवणार, आणि कागदावर सही चष्मा लावून करणार. चष्म्याचा बेत तिला कसा कळला ते मला माहीत नाही. निदान या वेळी तरी मी सांगितलेला नव्हता. पण सगळ्यात आधी तिला एक काम उरकायचं होतं. आवाज बसला तर मैत्रिणीला पेपर कोण वाचणार? तिला वाचणारं माणूस शोधून द्यायचं, आणि आपलं काय होणार आहे ते आपल्या तोंडाने, आपल्या आवाजात सांगायचं. "हे मला ऑपरेशननंतर कळलं असतं तर मी तिला काय खुणा करून सांगणार होते? तिला दिसत नाही," ती म्हणाली. भाचा रडला. मीही रडलो, पण माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

पेपर वाचायला शेवटी भाचाच लागला. रोज सकाळी कामावर जाण्याआधी. मैत्रीण म्हणे तक्रार करते की हा नुसत्या बातम्या वाचतो.

ऑपरेशन झालं. आवाज गेला नाही, पण पूर्वीचा राहिला नाही. खाली उतरला, खरखरीत झाला, वर चढत नाही. आता ती रागावली तर हळू रागावते, आणि आम्हाला ते जास्त जड जातं. कुणी हळहळलं तर म्हणते, मला विचारून बसलाय तो. भाचा हिच्याशी बरेच दिवस बोलत नव्हता. मग बोलायला लागला. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मी विचारलं होतं. काय उत्तर मिळालं असेल ते वाचणाऱ्यांनी ओळखलं असेलच.

नातेवाइकांनी मात्र मला धरलं. आधीची बातमी माझी होती. शिवाय अक्काने प्रत्येकाला वेगळंच काहीतरी सांगितलं होतं. धाकट्या काकूला म्हणाली थंडी बाधली, चुलतभावाला निम्मं खरं सांगितलं, आणि एका वहिनीला, जी फार चौकशा करते, सांगितलं की लोकांशी बोलून बोलून घसा झिजला. आजार तिचा, तिने वाटेल तसा वाटला.

त्या वहिनींचाच मला फोन आला. भाऊजी, तुमच्या घरात तर सगळं कळतं, खरं काय ते तुम्ही सांगा, म्हणाल्या. ही समोर बसून एप्रनचा तुटलेला बंद शिवत होती. तिने मान वर केली नाही. मी म्हटलं, "वहिनी, ते तुम्ही अक्कालाच विचारा."

हे मी सहजपणे म्हणालो असं लिहायचा मोह होतो आहे. प्रत्यक्षात माझे कान तापले होते, आणि त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर मी बहुधा सगळं बोललो असतो. पण त्या म्हणाल्या, बरं, आणि फोन ठेवला. नेहमी मी 'नाही' म्हणेपर्यंत लोकांनी फोन ठेवलेला असतो, या वेळी मी आधी म्हणालो होतो. मी हिच्याकडे पाहिलं. ती दोरा दाताने तोडत होती, आणि ओठावरून काही ठरवायचं नाही असं मी ठरवलं.